मोलेस्तिया, इन्कोन्बेनिएन्ते आणि आपली गैरसोय : स्पॅनिशमधील त्रासाचे शब्द इंग्रजीत नेताना

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, ही गोष्ट जळगाव स्थानकावर उतरणाऱ्या सगळ्याच परदेशी पाहुण्यांना ठाऊक असते असे नाही. गेल्या हिवाळ्यात एका सोमवारी सकाळी स्थानकाबाहेर असेच एक वयस्क स्पॅनिशभाषक जोडपे मला भेटले. साठेक किलोमीटर जाऊनही आज दार उघडणार नाही हे टॅक्सीवाल्याच्या हातवाऱ्यांवरून लक्षात येताच त्या बाई नवऱ्याकडे पाहून ‘के फास्तीदियो!’ म्हणाल्या, आणि लगेच माझ्याकडे वळून अतिशय अदबीने ‘पेर्दोने ला मोलेस्तिया’ अशी सुरुवात करून त्यांनी जवळच्या हॉटेलची चौकशी केली. टॅक्सीवाल्याने मला विचारले, ‘भाऊ, काय म्हणताहेत हे?’ मी त्याला सांगितले, की पहिले वाक्य वैतागाचे होते, ते त्या आपसात बोलल्या. दुसरे माझ्यासाठी होते आणि ते तसदीबद्दल होते.

स्पॅनिश-इंग्रजी शब्दकोशात फास्तीदियो आणि मोलेस्तिया या दोन्ही शब्दांपुढे ‘न्यूसन्स’, ‘बॉदर’, ‘ट्रबल’, ‘इन्कन्व्हीनियन्स’ असे जवळजवळ एकाच गोत्रातले अर्थ सापडतात. तरीही त्या बाईंचे पहिले वाक्य इंग्रजीत ‘व्हॉट अ न्यूसन्स!’ असे होते आणि दुसरे ‘सॉरी टू बॉदर यू’ असे होते. दोन्हींची अदलाबदल केली, तर नम्र बाई उद्धट ठरतात. प्रस्तुत लेख याच निवडीविषयी आहे. आपल्याकडे स्पॅनिश शिकणारे विद्यार्थी आहेत, अजिंठ्याच्या वाटेवर पाहुण्यांना मदत करणारे आहेत, आणि रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या व्यवहारातले लोक आहेत. केळीच्या निर्यातीत जगात पहिला असलेला इक्वेडोर स्पॅनिशभाषक असल्याने या पिकाची लागवड, पॅकिंग आणि रोग यांविषयीचे पुष्कळ लेखन त्या भाषेत होते. या सर्वांना स्पॅनिश मजकूर इंग्रजीत मांडण्याची वेळ कधी ना कधी येते, आणि मजकूर पत्राचा असो वा सूचनेचा, त्यात त्रास, अडचण, दिलगिरी हे विषय हमखास असतात.

उच्चारांविषयी थोडे आधी सांगतो. येथे स्पॅनिश शब्द लॅटिन अमेरिकेतील सर्वसाधारण उच्चारानुसार लिहिले आहेत. स्पॅनिशमध्ये ‘व्ही’ या अक्षराचा उच्चार ‘ब’च्या जवळचा होतो, ‘एच’ अनुच्चारित राहतो आणि ‘जे’चा उच्चार ‘ख’ किंवा ‘ह’च्या जवळ जातो, शब्दकोशात शोधताना हे ध्यानात ठेवावे.

पहिली पायरी : शब्दकोशाआधी मराठी

शब्दकोश उघडण्यापूर्वी वाक्याला तीन प्रश्न विचारावेत. त्रास कोणामुळे होतो आहे? तो कोणाला होतो आहे? आणि तो किती जड आहे? उत्तरे मिळाली की त्या त्रासाला नेमका मराठी शब्द द्यावा आणि मगच इंग्रजीकडे वळावे. हा वळसा वाटला, तरी माझ्या अनुभवात तो वेळ वाचवतो, कारण या बाबतीत मराठीत कामांची वाटणी फार चोख आहे. पाहुण्याला दुकानातून काही आणायला सांगितले, तर आपण त्याला तसदी देतो. नळाला पाणी आले नाही, तर गैरसोय होते. गाडी भुसावळला अडकून पडली, तर खोळंबा होतो. दाखल्यासाठी चार खिडक्या फिरावे लागले, तर ती कटकट असते. शेजारच्या लाउडस्पीकरचा त्रास होतो, टाके ठणकतात, आणि कोणी परवानगी मागितली तर आपली हरकत असते किंवा नसते.

आता स्पॅनिशकडे पाहा. ‘मोलेस्तिया’ हा एकच शब्द तसदी, गैरसोय, त्रास आणि सौम्य दुखणे एवढा मोठा प्रदेश व्यापतो. हरकत, तोटा आणि मध्येच उपटलेली अडचण ही ‘इन्कोन्बेनिएन्ते’च्या वाट्याला येतात. कटकटीसाठी ‘फास्तीदियो’, ‘लाता’ आणि ‘एंगोर्रो’ आहेत. खोळंब्यासाठी ‘रेत्रासो’, म्हणजे उशीर, आणि विस्कळीतपणा मोठा असेल तर ‘त्रास्तोर्नो’. या शेवटच्या शब्दात आपला ‘त्रास’ ऐकू येतो. दोघांचे काही नाते नाही, पण लक्षात ठेवण्यास तो योगायोग उपयोगी पडतो.

एकवचन आणि अनेकवचन यांतील फरकही येथेच टिपून ठेवावा. ‘ला मोलेस्तिया’ असे एकवचन आले, तर बहुधा एका व्यक्तीने दुसरीला दिलेली तसदी अभिप्रेत असते. ‘लास मोलेस्तियास’ असे अनेकवचन आले, तर बहुधा संस्थेमुळे लोकांची झालेली गैरसोय किंवा शरीराला जाणवणारा त्रास. हा काही व्याकरणाचा नियम नव्हे, पण अंदाज बांधण्यास तो पुरेसा भरवशाचा आहे.

दुसरी पायरी : ‘मोलेस्तार’ नीट समजून घेणे

या विषयातील सर्वांत धोक्याचा शब्द हाच, म्हणून येथे थोडे थांबतो. लॅटिन मुळातून आलेला हा शब्द इंग्रजीत ‘मोलेस्ट’ या रूपात शिल्लक आहे. पूर्वी इंग्रजीतही त्याचा अर्थ त्रास देणे एवढाच होता, परंतु आज तो जवळजवळ केवळ लैंगिक अत्याचारासाठी वापरला जातो. आपल्याकडील इंग्रजी वृत्तपत्रांत विनयभंगाच्या बातमीत हाच शब्द असतो. स्पॅनिशमध्ये मात्र हे रोजच्या वापराचे साधे क्रियापद आहे. हॉटेलच्या खोलीच्या दारावर ‘नो मोलेस्तार’ अशी पाटी असते आणि तिचे इंग्रजी ‘डू नॉट डिस्टर्ब’ असे होते. स्पॅनिशभाषक पाहुणा इंग्रजी बोलताना ‘आय डोन्ट वॉन्ट टू मोलेस्ट यू’ असे म्हणाला, तर त्याला केवळ ‘तुम्हाला त्रास द्यायचा नाही’ एवढेच सांगायचे असते. ऐकणाऱ्याने दचकू नये. लेखी भाषांतरात ‘बॉदर’, ‘डिस्टर्ब’, ‘अनॉय’ आणि ‘ट्रबल’ यांतून प्रसंगानुसार निवड करावी. झोप, काम किंवा शांतता मोडत असेल तर ‘डिस्टर्ब’, चीड येत असेल तर ‘अनॉय’, नम्रपणे मदत मागायची असेल तर ‘बॉदर’ किंवा अधिक औपचारिक ‘ट्रबल’.

रचनेच्या बाबतीत मराठी माणसाला येथे आयताच फायदा मिळतो. ‘मे मोलेस्ता एल रुइदो’ या वाक्यात ‘मे’ म्हणजे ‘मला’, आणि क्रियापद चालते ते आवाजाच्या वचनाप्रमाणे. आवाज अनेक झाले की ‘मे मोलेस्तान लोस रुइदोस’. मराठीतही ‘मला हा आवाज खटकतो’ आणि ‘मला हे आवाज खटकतात’ अशीच रचना आहे, आणि घरी अहिराणी बोलणाऱ्यांना ‘माले’ने सुरू होणारे वाक्य तर जन्मापासून ओळखीचे असते. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्याला ज्या रचनेवर आठवडे घालवावे लागतात, ती आपल्याकडे घरातच आहे. चूक होते ती पुढे, इंग्रजीत उतरताना. ‘मे’ला कर्ता समजून ‘आय बॉदर द नॉइज’ असे लिहिले, तर अर्थ उलटा होतो. योग्य इंग्रजी ‘द नॉइज बॉदर्स मी’ हे आहे. नकारार्थी वाक्यात मात्र इंग्रजी पुन्हा ‘आय’वर येते. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीस अंशांजवळ असताना एखादा पाहुणा ‘नो मे मोलेस्ता एल कालोर’ म्हणाला, तर ‘द हीट डझन्ट बॉदर मी’ हे बरोबर आहे, पण ‘आय डोन्ट माइंड द हीट’ हे अधिक सहज आहे.

परवानगीच्या प्रश्नात मराठीची सवय आड येते. ‘ले मोलेस्ता सी आब्रो ला बेन्ताना?’ याचे इंग्रजी ‘डू यू माइंड इफ आय ओपन द विंडो?’ असे होते. मराठीत आपण ‘खिडकी उघडली तर चालेल का?’ असे विचारतो आणि ‘हो’ म्हणजे परवानगी असते. स्पॅनिशमध्ये आणि इंग्रजीत प्रश्न त्रासाविषयी असल्याने परवानगी ‘नो’ने मिळते. दुभाषाचे काम करताना स्पॅनिश ‘नो’ ऐकून इंग्रजीत ‘नो, प्लीज डोन्ट’ असे म्हणाल, तर खिडकी बंदच राहील. म्हणायला हवे ‘नो, नॉट अ‍ॅट ऑल’. संवादाच्या भाषांतरात अशा प्रश्नाचे उत्तर प्रश्नाबरोबरच तपासावे, एकटे तपासू नये.

‘मोलेस्तार्से’ हे आत्मवाचक रूप आले की पुढचे शब्दयोगी अव्यय पाहिल्याशिवाय हात लावू नये. ‘से मोलेस्तो एन बेनीर’ म्हणजे त्यांनी येण्याची तसदी घेतली; इंग्रजीत ‘ही टुक द ट्रबल टू कम’. ‘से मोलेस्तो कोन्मीगो’ म्हणजे ते माझ्यावर नाराज झाले. इंग्रजीत ‘ही गॉट अपसेट विथ मी’. एका ‘एन’ने आणि एका ‘कोन’ने उपकार आणि रुसवा एवढे अंतर पडते. ‘नो से मोलेस्ते’ हे वाक्य एकटेच आले तर ते दोन्हींकडे झुकू शकते. चहा नको म्हणणारा पाहुणा म्हणत असेल तर ‘प्लीज डोन्ट गो टू एनी ट्रबल’, आणि समजूत घालणारा मित्र म्हणत असेल तर ‘प्लीज डोन्ट बी अपसेट’. येथे मागचे-पुढचे वाक्य वाचणे हाच एक उपाय आहे.

तिसरी पायरी : पाट्या आणि दिलगिरीची वाक्ये

‘दिस्कुल्पेन लास मोलेस्तियास’ ही पाटी स्पॅनिशभाषक देशांत रस्त्याच्या कामापासून बंद लिफ्टपर्यंत सर्वत्र दिसते. भुसावळ जंक्शनवर उशिराच्या गाडीची घोषणा ऐकलेल्या प्रत्येकाला तिचे मराठी भावंड पाठ असते, कारण ‘असुविधेबद्दल दिलगीर आहोत’ हे शब्द आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. इंग्रजीत तिचे नेहमीचे रूप ‘वी अपॉलोजाइझ फॉर द इन्कन्व्हीनियन्स’ असे आहे. आपल्याकडे ‘इन्कन्व्हीनियन्स कॉज्ड इज रिग्रेटेड’ ही रचना इतकी रुळली आहे की लिहिताना हात आपोआप तिकडे वळतो. ती चुकीची नाही, परंतु परदेशी वाचकाला कोरडी वाटते, कारण तीत दिलगीर कोण आहे हेच येत नाही. परदेशी ग्राहकाला पाठवायचे असेल तेव्हा मी ‘वी’ने सुरुवात करण्याचा आग्रह धरतो.

स्पॅनिशमध्ये अनेकवचन असले, तरी इंग्रजीत या अर्थाने ‘इन्कन्व्हीनियन्स’ एकवचनीच ठेवावे. ‘सॉरी फॉर द इन्कन्व्हीनियन्सेस’ हे वाक्य पाहताच ते भाषांतर आहे हे कळते. त्यानंतर ‘द’ की ‘एनी’ हे ठरवावे. ‘लास मोलेस्तियास ओकासियोनादास’ असे असेल, तर गैरसोय होऊन गेली आहे, म्हणून ‘द इन्कन्व्हीनियन्स कॉज्ड’. ‘लास मोलेस्तियास के पुएदान ओकासियोनार’ असे असेल, तर ती कदाचित होईल, म्हणून ‘एनी इन्कन्व्हीनियन्स दिस मे कॉज’. तीन दिवस माल अडकलेल्या माणसाला ‘एनी’ लिहिणे म्हणजे त्याची गैरसोय झाली की नाही याविषयी शंका घेणे होय, आणि ते त्याला बोचते.

आदराची पातळी इंग्रजीत हरवते. ‘दिस्कुल्पा’ हे ‘तू’ला, ‘दिस्कुल्पे’ हे ‘आपण’ला आणि ‘दिस्कुल्पेन’ हे अनेकांना उद्देशून असते. तू, तुम्ही, आपण यांत वाढलेल्या आपल्याला तो फरक लगेच जाणवतो. इंग्रजीत ‘यू’ एकच असल्याने तो फरक वाक्याच्या लांबीने भरून काढावा लागतो. मित्राला ‘सॉरी टू बॉदर यू’, आणि अपरिचित अधिकाऱ्याला ‘आय अ‍ॅम सॉरी टू ट्रबल यू’.

चौथी पायरी : ‘इन्कोन्बेनिएन्ते’ म्हणजे गैरसोय नव्हे

रूपावरून हा शब्द ‘इन्कन्व्हीनियन्ट’चा सख्खा भाऊ वाटतो, आणि म्हणूनच तो फसवतो. ‘नो तेन्गो इन्कोन्बेनिएन्ते’ म्हणजे माझी हरकत नाही. इंग्रजीत ‘आय हॅव नो ऑब्जेक्शन’. ‘बेन्ताखास ए इन्कोन्बेनिएन्तेस’ म्हणजे फायदे-तोटे. ‘अ‍ॅडव्हान्टेजेस अँड डिसअ‍ॅडव्हान्टेजेस’. ‘सुर्खियो उन इन्कोन्बेनिएन्ते’ म्हणजे मध्येच काहीतरी अडचण आली. बोलीत ‘समथिंग केम अप’, पत्रात ‘अ प्रॉब्लेम अरोज’. विशेषण म्हणून तो शेरा किंवा वर्तन यांना लागला, तर अर्थ अनुचित असा होतो आणि इंग्रजीत ‘इनअ‍ॅप्रोप्रिएट’ लिहावे लागते.

त्याचा सकारात्मक जोडीदारही असाच आहे. ‘नो एस कोन्बेनिएन्ते बियाखार ओय’ याचा अर्थ आज प्रवास करणे इष्ट नाही, ‘इट इज नॉट अ‍ॅडव्हायजेबल टू ट्रॅव्हल टुडे’. येथे ‘कन्व्हीनियन्ट’ लिहिले, तर धोक्याची सूचना सोयी-गैरसोयीची गोष्ट होऊन बसते. मग खरोखर ‘इन्कन्व्हीनियन्ट’ असे लिहावे लागेल अशी स्पॅनिश वाक्ये कोणती? ती वेगळ्याच वेषात येतात. ‘मे बिएने माल’ म्हणजे मला ती वेळ सोयीची नाही, आणि ‘आ देसोरास’ म्हणजे अवेळी. या वाक्यांत इंग्रजीसारखा दिसणारा एकही शब्द नसतो, तरी ‘इन्कन्व्हीनियन्ट’ची खरी जागा येथेच असते.

पाचवी पायरी : शरीराचा त्रास

औषधांच्या माहितीपत्रकात ‘मोलेस्तियास’ आले, की गैरसोय पूर्णपणे विसरावी. सुरुवातीच्या काळात एका माहितीपत्रकातील ‘लेबेस मोलेस्तियास एन ला सोना दे ला इन्येक्सियोन’ या ओळीसाठी मी ‘मायनर इन्कन्व्हीनियन्स’ असे लिहिले होते. तपासणाऱ्या डॉक्टरांनी ते खोडून ‘माइल्ड डिस्कम्फर्ट अ‍ॅट द इंजेक्शन साइट’ असे लिहिले आणि समासात ‘रुग्णाला दुखणार आहे, हे त्याला कळले पाहिजे’ अशी टीप दिली. ती टीप मी अजून जपून ठेवली आहे. पोटाच्या तक्रारीसाठी ‘स्टमक अपसेट’, सांध्यांसाठी ‘डिस्कम्फर्ट’, आणि दुखणे स्पष्ट असेल तर थेट ‘पेन’. परंतु लेखकाने मुद्दाम सौम्य शब्द वापरला असेल, तर भाषांतरकाराने तो वाढवू नये. ‘त्रास्तोर्नो’ मात्र वैद्यकीय मजकुरात अनेकदा निदानाच्या नावाचा भाग असतो. ‘त्रास्तोर्नो दे आन्सिएदाद’ म्हणजे ‘अँग्झायटी डिसऑर्डर’.

सहावी पायरी : वैतागाचे उद्गार आणि प्रदेश

उद्गाराचे भाषांतर उद्गारानेच करावे. ‘लाता’ म्हणजे पत्र्याचा डबा, पण ‘के लाता!’ म्हणजे ‘व्हॉट अ पेन!’ आणि ‘दार ला लाता’ म्हणजे कोणाच्या तरी मागे भुणभुण लावणे, इंग्रजीत ‘टू पेस्टर’. ‘पेसादो’ म्हणजे जड. माणसाविषयी म्हटले तर डोके खाणारा. आपणही एखादे काम जड जाते असे म्हणतोच. कागदपत्रांच्या संदर्भात ‘एंगोर्रोसो’ हे विशेषण भेटते. पत्रव्यवहारात त्याला ‘कम्बरसम’ चांगले बसते, बोलताना ‘अ हॅसल’.

मजकूर कोणत्या देशातून आला हे येथे आधी पाहावे. स्पेनमध्ये ‘के पेना!’ म्हणजे ‘व्हॉट अ पिटी!’, पण कोलंबियातील माणूस ‘के पेना कोन उस्तेद’ म्हणतो तेव्हा तो हळहळत नसून संकोचून माफी मागत असतो, म्हणून ‘आय अ‍ॅम सो सॉरी’. ‘फ्रेगार’ म्हणजे स्पेनमध्ये भांडी घासणे किंवा फरशी पुसणे, तर लॅटिन अमेरिकेत अनेक ठिकाणी पिडणे. अशा शब्दांसाठी स्पॅनिश भाषेच्या अकादम्यांच्या संघाने 2010 मध्ये प्रसिद्ध केलेला अमेरिकी स्पॅनिशचा कोश पाहावा, आणि सर्वसाधारण अर्थासाठी 1713 मध्ये स्थापन झालेल्या रेआल आकादेमिया एस्पान्योला या संस्थेचा शब्दकोश पाहावा. तो इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. त्यात अर्थाआधी बोलीभाषेची किंवा अशिष्ट असल्याची खूण असते. ती खूण पाहिल्याशिवाय कोणताही उद्गार पत्रात घेऊ नये.

उरलेले काही शब्द थोडक्यात पाहू. ‘कोन्त्रातिएम्पो’ म्हणजे अनपेक्षित अडथळा, ‘सेटबॅक’. ‘सिन कोन्त्रातिएम्पोस’ म्हणजे ‘विदाउट अ हिच’. ‘पेर्कान्से’ म्हणजे छोटा अपघात, ‘मिसहॅप’. ‘एस्तोर्बार’ म्हणजे वाटेत येणे, ‘टू गेट इन द वे’. ‘इन्कोमोदो’ म्हणजे खुर्चीविषयी ‘अनकम्फर्टेबल’ आणि शांततेविषयी ‘ऑकवर्ड’. ‘एम्बारासोसो’ म्हणजे ‘एम्बॅरसिंग’, परंतु ‘एम्बारासादा’ म्हणजे गरोदर. या जोडीत गफलत करू नये. करारात ‘पेर्खुइसियो’ दिसल्यास तो नुकसानीचा शब्द आहे, आणि पूर्वग्रहाचा ‘प्रेखुइसियो’ त्यापासून केवळ एका अक्षराच्या जागेने वेगळा आहे.

शेवटची तपासणी

आता एक नमुना पत्र घेऊ, जे मी सरावासाठी तयार केले आहे. ‘आ सुर्खीदो उन कोन्त्रातिएम्पो एन एल पुएर्तो इ एल कोन्तेनेदोर येगारा कोन रेत्रासो. सी नो तिएने इन्कोन्बेनिएन्ते, ले एन्बियारेमोस लोस नुएबोस दोकुमेन्तोस एल लूनेस. रोगामोस दिस्कुल्पे लास मोलेस्तियास.’ केवळ ढोबळ अर्थावरून भाषांतर करणारा तिन्ही ठिकाणी ‘इन्कन्व्हीनियन्स’ लिहील. मराठीतून पाहिले तर बंदरात अडचण आली आहे, आपली हरकत नसेल तर कागदपत्रे सोमवारी पाठवू, आणि गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, असे तीन वेगळे शब्द हाती येतात. त्यावरून इंग्रजी असे होते : ‘अ‍ॅन अनएक्स्पेक्टेड प्रॉब्लेम हॅज कम अप अ‍ॅट द पोर्ट, अँड द कंटेनर विल अराइव्ह लेट. इफ यू हॅव नो ऑब्जेक्शन, वी विल सेंड यू द न्यू डॉक्युमेंट्स ऑन मंडे. वी अपॉलोजाइझ फॉर द इन्कन्व्हीनियन्स.’ पहिल्या वाक्यात मी ‘सेटबॅक’ टाळला, कारण तो शब्द संपूर्ण सौदाच मागे पडल्यासारखा जड आहे, आणि ‘हिच’ टाळला, कारण पत्राच्या मानाने तो सैल आहे. शेवटच्या वाक्यात ‘द’ ठेवला, कारण कंटेनर उशिरा येणार हे पत्र लिहिणाऱ्याने स्वतःच वरच्या ओळीत मान्य केले आहे.